तिसरं तिकीट

अमेरिकेतून, मॉरिसव्हिलहून निघताना मी एक आगाऊपणा केला होता. लेकीला न विचारता तिचंही परतीचं तिकीट काढलं होतं. कोरियातल्या चुंचॉन नावाच्या शहरात ती वर्षभरासाठी इंग्रजी शिकवायला गेली होती. वर्ष संपलं तरी परत यायचं नाव काढेना. आम्ही तिला भेटायला गेलो म्हणजे खरं तर आणायलाच गेलो. निदान मी तरी.

चार दिवस तिने हौसेने तळी दाखवली. माझं पाण्याकडे लक्ष होतं कुठे! सगळा जीव पर्समधल्या त्या कागदात. शेवटच्या संध्याकाळी नवरा कुजबुजला, "जेवण होईपर्यंत विषय काढू नकोस, प्लीज." सकाळी विमान, आणि ह्याला जेवणाची पडलेली!

लेकीने तिच्या नेहमीच्या हॉटेलात नेलं. तिथली तिखट कोंबडी टेबलातच बसवलेल्या मोठ्या तव्यावर शिजते. मी सवयीने उलथनं उचललं.

"आई, डोन्ट. मावशी करतील."

हॉटेलवालीला तिकडेही मावशीच म्हणतात म्हणे. मावशी आल्या, कोबी परतता परतता लेकीला काहीतरी रागावल्या. ती हसली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"नथिंग. बारीक झालीस म्हणाल्या."

हे वाक्य माझं होतं. चार दिवस तिकिटाच्या नादात ते बोलायचंच राहून गेलं होतं. मला त्या बाईचा हेवा वाटला, सरळ सांगते.

कोंबडी संपली. आता बोलायचंच म्हणून मी पर्सची चेन उघडली आणि कागद बोटांत धरला. तेवढ्यात मावशींनी तव्यातल्या उरल्या मसाल्यात भात टाकला आणि तळाशी लागेपर्यंत दाबत राहिल्या.

आमच्या घरी भरली वांगी झाली की कढईत असाच भात कालवतात. तळाची खरपूस खरवड कायम हिची. बापाने चमचा घातला तरी रडून घर डोक्यावर घ्यायची.

तिने ती सगळी खरवड काढली आणि माझ्या ताटलीत वाढली.

"आई, तू खा. मला दर फ्रायडेला मिळते."

मी कागद सोडला आणि चेन लावली. खरवड फार चांगली झाली होती. मला फार वाईट वाटत होतं. तरी मी सगळी संपवली.

सकाळी विमानात माझ्या शेजारची सीट रिकामी होती. तिच्यावर मी पर्स ठेवली.