आधी लाल करून दाखव

उषा मॅडम फार तापट आहेत, असं आमच्या बोईसरच्या क्लासचे मालक विक्रम सर म्हणायचे. त्यांना स्वतःला कशाचाच राग येत नाही, त्याचं काय?

मॅडम आम्हाला प्रोग्रॅमिंग शिकवायच्या. त्यांचा एकच हट्ट होता, प्रोग्रॅमच्या आधी त्याची टेस्ट, म्हणजे तो नीट चालतो का हे तपासणाऱ्या ओळी, लिहायची. ती चालवली की स्क्रीनवर लाल पट्टी यायलाच हवी, कारण प्रोग्रॅम अजून लिहिलेलाच नाही. मग प्रोग्रॅम लिहून ती हिरवी करायची. आधी लाल न दिसलेल्या हिरव्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

त्या दिवशीचा सराव सोपा होता. वायूचं प्रमाण पन्नासच्या वर गेलं की भोंगा वाजवायचा. मी घाईत प्रोग्रॅम आधी लिहिला आणि टेस्ट मागाहून. पट्टी हिरवी! मॅडमनी माझ्या भोंगा वाजवणाऱ्या ओळी पुसल्या, टेस्ट पुन्हा चालवली. तरी हिरवीच.

"पारू, ही टेस्ट काय तपासते?"

"काय नाय," मी म्हटलं.

मॅडमचा आवाज चढला. "माझे वडील इथल्याच एका कारखान्यात होते. त्यांच्या खात्यात वायूच्या अलार्मचा दिवा अकरा वर्षं हिरवा होता. वायू सुटला तेव्हाही हिरवाच! वायरच जोडलेली नव्हती. अकरा वर्षांत एकानेही तो लाल करून बघितला नाही!"

त्यांचे वडील, खंडेरावकाका, आता एक जिना चढताना तीनदा बसतात.

आरडाओरडा ऐकून विक्रम सर आत आले. "मॅडम, उद्या नोकरी देणारे येतायत. सगळ्या स्क्रीन हिरव्या पाहिजेत. तयार टेस्ट मी देतो."

"मग मी त्यांच्यासमोर प्रोग्रॅम पुसून दाखवेन."

"मग उद्यापासून येऊच नका."

मॅडम पर्स उचलून निघून गेल्या. आम्ही वीसजण खाली मान घालून बसलो. मला सरांचा राग आलाच, पण त्याहून जास्त माझा आला.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या गावाहून, मासवणहून, पहिल्याच एसटीने आले. सरांची टेस्ट बाजूला ठेवून स्वतःची लिहिली, प्रोग्रॅम मुद्दाम लिहिलाच नाही. पाहुणे आले तेव्हा एकोणीस स्क्रीन हिरव्या होत्या आणि माझी लाल.

"हे काय?" सरांनी दात आवळले.

"भोंगा अजून बनवला नाय सर, म्हनून लाल."

शेजारच्या सलोनीने तिचा कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मी तिच्या भोंग्याच्या ओळी पुसल्या आणि सरांची टेस्ट चालवली. हिरवीच.

पाहुणे पुढे वाकून बघू लागले. मी सरांकडे वळले.

"आता कोनाचा पुसू, सर?"