खंडेनवमीला चाललेलं बंद मशीन

वीज तोडलेलं यंत्र तुमच्या डोळ्यांसमोर आपोआप चालू लागलं, तर तुम्ही आधी काय कराल? मेन स्विच तपासाल, की हात जोडाल? घाईने उत्तर देऊ नका. वर्षभरापूर्वी मी ते घाईने दिलं असतं, नाक्यावर उभं राहून, घसा ताणून दिलं असतं.

भुतंखेतं, अंगात येणं, चकवा, नजर... माझा यातल्या कशावरही कधी विश्वास नव्हता. आजही नाही. तुमच्या अंकातल्या या अनुभवांच्या सदराची तर मी टिंगल करायचो. "देश अर्धपोटी आहे आणि हे हडळीच्या गोष्टी छापतात" असं मित्रांना मोठ्याने वाचून दाखवायचो. आज त्याच सदरासाठी लिहायला बसलोय. लाज वाटते. पण ही लाज पुढच्या लाजेपुढे काहीच नाही.

मी परळला राहतो, चाळीतल्या एका खोलीत, आई आणि मी. वडील नाहीत. आई गिरणीत रीळिंगला जाते, सूत गुंडाळायच्या कामाला. मी मॅट्रिक झालो, पुढे थोडं कॉलेज केलं, आणि मग चळवळीत पडलो. पत्रकं लिहायची, गिरगावातल्या एका छापखान्यातून ओल्या शाईचे गठ्ठे उचलायचे, आणि लालबागपासून भायखळ्यापर्यंत भिंती रंगवायच्या. मुंबईसह महाराष्ट्र मागताना एका मोर्चात पोलिसाची लाठी उजव्या हातावर बसली. अनामिका मोडली आणि वाकडीच जुळली. चाळीत त्या बोटाचा मान होता. नोकरी मागायला गेलो की तेच बोट मी मुठीत लपवायचो.

वर्ष उलटून गेलं, नोकरी नाही. जबाबदारीवर लिहिणारा माणूस आईच्या डब्यातली भाकरी खातो, हे कुठल्या पत्रकात लिहायचं? आई कधी बोलली नाही. सकाळी भोंगा झाला की निघून जायची, जाताना माझ्यासाठी चहाचं पातेलं झाकून ठेवायची. ते झाकलेलं पातेलं बघून मी चुलीकडे पाठ करून झोपायचो.

मग लोअर परळला एका गिरणीच्या कचेरीत जागा निघाली, पंच ऑपरेटरची. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कामगारांच्या हजेरीचे, पगाराचे आकडे जाड कार्डांवर भोकं पाडून नोंदवायचे. मग ती कार्डं दुसऱ्या मोठ्या यंत्रात घातली की यंत्रच ती निवडतं, मोजतं, बेरजा छापतं. विलायतेत याच्याही पुढची यंत्रं निघालीत, त्यांना कम्प्यूटर म्हणतात, आणि आपल्या मुंबईतही काही शास्त्रज्ञ तसलं बांधतायत असं ऐकतो. मी फक्त भोकं पाडत होतो. पण भविष्याच्या दारात स्टूल टाकून बसल्यासारखं वाटायचं, हे खोटं बोलणार नाही.

आमच्या पंचिंगच्या खोलीचे साहेब जोगळेकर. तरुणपणी खादी घालून सहभोजनं केलेला माणूस. पट्टेवाल्यालासुद्धा "तुम्ही" म्हणणार. माझं आडनाव कांबळे ऐकूनही त्यांनी मला घेतलं. खरं तर, ऐकलं म्हणूनच घेतलं. वाकडं बोट त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणाले, "वेग कमी पडेल. पण शिकाल. कायम करायचं की नाही ते दिवाळीआधी बघू." म्हणजे माझं सगळं त्यांच्या एका शेऱ्यावर होतं.

माझ्यामागे गुप्तेबाई बसायच्या, तपासणीच्या मशीनवर. मी पाडलेली कार्डं त्या पुन्हा त्याच आकड्यांनी ठोकायच्या, चूक असली की त्यांचं मशीन अडायचं. तीन, सहा आणि नऊ या खटक्यांवर अनामिका लागते. माझी तिथे पोचताना अडखळायची. टक-टक... टक. बाकीच्यांचा हात सरळ धावायचा, माझा लंगडायचा. पाठ करून बसलेल्यालाही कळायचं की हा कांबळे.

"काय हो पुढारी," गुप्तेबाई म्हणायच्या, "तुमची लंगडी आज फारच उड्या मारत्येय. कुठे मोर्चा आहे का?"

"तुमच्या डोक्यावर," मी म्हणायचो. त्या हसायच्या. माझ्या चुका वाढल्या की जोगळेकरांकडे जाण्याआधी हळूच कार्ड माझ्याकडे सरकवायच्या. चांगल्या होत्या.

आता खंडेनवमीचं सांगतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गिरणीत यंत्रांची पूजा होते. साचे म्हणजे माग थांबतात, पट्टे थांबतात, प्रत्येक खात्यात झेंडूच्या माळा. कचेरीतही आमची मशीनं पुसून, वीज तोडून, त्यांची पूजा व्हायची. मी धरून चाललो होतो की आपण मागे उभं राहायचं, पेढा घ्यायचा नि घरी जायचं. सकाळी जोगळेकर माझ्या टेबलाशी आले. हातात ताट, त्यात हळदकुंकू, अक्षता, नारळ.

"कांबळे, यंदाची पूजा तुमच्या हातून."

आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. आमच्या अख्ख्या मजल्याने. देव मानणार नाही, पूजा करणार नाही, असं उभं राहून, मोठ्याने म्हटलं होतं. आणि मी नुसता मागे उभा नव्हतो, पुढे होतो. आईच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा चांदीचा टाक होता, तिच्या सासूने दिलेला, झिजून नाकडोळे गेलेला. तो मीच पिशवीत घालून दादरच्या चौपाटीवर नेला आणि पाण्यात सोडला. आई वाळूत बसून रडत होती. मी तिला तिथल्या तिथे भाषण दिलं.

"साहेब, मला... पूजा जमायची नाही," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. "मी करणार नाही" असं म्हणालो नाही. जमायची नाही!

जोगळेकरांचे डोळे पाणावले. त्यांना वाटलं मी संकोचतोय. "अहो, त्यात काय जमायचंय? मंत्र मी म्हणतो, तुम्ही फक्त कुंकू लावा. माझ्या वडिलांच्या काळी तुम्हाला या खोलीच्या उंबऱ्याशी उभं केलं नसतं कुणी. म्हणून तर मुद्दाम तुम्हाला सांगतोय. संकोच सोडा."

त्या माणसाने आयुष्यभर जे दार ढकललं होतं ते माझ्यासाठी उघडून तो बाजूला उभा होता. आणि मला त्या दारातून आत जायचंच नव्हतं! हे त्याच्या तोंडावर कसं सांगू? सांगायला हवं होतं. पण दिवाळीआधीचा तो शेरा... आणि झाकलेलं पातेलं... मी ताट घेतलं.

पट्टेवाले तावडे यांनी मेनचा दांडा खाली ओढला. पंखे थांबले, दिवे गेले. खालचं साच्यांचं खातं आधीच थांबलेलं. गिरणी बंद पडली की आमच्या भागात जी शांतता होते तिची परळकरांना कल्पना आहे, स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येतं. सगळे माझ्या मशीनभोवती जमले. जोगळेकर मंत्र म्हणायला लागले. डाव्या हातात ताट, उजव्या हाताच्या मोडक्या अनामिकेला कुंकू. मी बोट मशीनच्या कपाळाशी, म्हणजे वरच्या पत्र्याशी नेलं.

टक.

मला वाटलं माझंच बोट लागलं. नव्हतं लागलं. पुन्हा टक-टक... टक. मशीनचे खटके खाली जात होते. दाबल्यासारखे, एकामागून एक, आणि वर येत होते. आत कार्ड नव्हतं. वीज नव्हती. माझे दोन्ही हात सगळ्यांना दिसत होते. जोगळेकरांचा मंत्र अर्ध्यात थांबला. ठोकणं चालूच. टक-टक-टक... टक. टक... टक.

आणि गुप्तेबाई माझ्या मागून, अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "अहो... ही तर तुमची लंगडी."

तीच होती. तीन-सहा-नऊशी अडखळणारी. मी रोज ऐकत होतो तो माझा हात, माझ्याशिवाय. चहा गाळायला लागतो एवढा वेळ चाललं असेल. मग थांबलं.

तावडे धप्पकन गुडघ्यावर बसले. "देवी पावली रे बाबा! तुज्या हातात गुण आसा!" गुप्तेबाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला, हात जोडले. जोगळेकरांनी जोडले. आणि माझ्या हातात ताट राहिलं नव्हतं. ते टेबलावर कधी ठेवलं मला आठवत नाही. मीही जोडले होते. छातीशी, घट्ट, डोळे मिटून. कुणी सांगितलं नव्हतं. या खेपेस ते ना शेऱ्याने जोडायला लावले होते, ना पोटाने.

घरी गेलो तेव्हा आई भाकरी थापत होती. पाणी द्यायला वळली तर तिला बोटाचं कुंकू दिसलं.

"हे काय रे?"

मी सगळं सांगितलं. मशीन चाललं तेही. तिने भाकरी उलटली. मशीनबद्दल एक शब्द विचारला नाही.

"माझा खंडोबा नेलास तेव्हा काय बोलला होतास, आठवतं? 'आई, चांदीच्या पत्र्यापुढं हात जोडतेस?' मग तू लोखंडाच्या पत्र्यापुढं का जोडलेस?"

"साहेबांनी पूजा करायला सांगितली म्हणून..."

"मला पण सासूनं सांगितलं होतं. म्हणूनच जोडत होते." तवा उतरवत म्हणाली, "खंडोबा सुटला, ते बरं झालं. मी काय परत आण म्हणत नाही. पण तिथं वाळूत मला एवढं बोलला नसतास तर चाललं असतं."

मी जेवलो नाही. तीही जेवली नाही.

दसऱ्यानंतर मी कचेरीत सगळ्यांच्या आधी गेलो. मेनचा दांडा तपासला. टेबल हलवून पाहिलं, मशीनवर बुक्क्या मारल्या. गिरणीतल्या वायरमनला चहा पाजून विचारलं. तो म्हणाला, "करंट राहून गेला असेल तर मोटर घरघरेल. खटका खाली जायला माणसाचं बोट लागतं, भाऊ." खालून हादरे आले म्हणावं तर साचे बंद होते. माझ्या मनाचा खेळ म्हणावा तर पाच-सहा जणांनी ऐकलं, आणि लंगडी ओळखली ती गुप्तेबाईंनी, मी नाही. माझ्याकडे उत्तर नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी कळवावं, मी सरळ मनाने वाचीन. "देवी होती" एवढंच लिहायचं असेल तर कळवू नका.

दिवाळीआधी मी कायम झालो. शेऱ्यात जोगळेकरांनी काय लिहिलं माहीत नाही, पण माझा वेग वाढलेला नव्हता, चुका कमी झालेल्या नव्हत्या. गुप्तेबाई आता चुकलेलं कार्ड सरकवताना लंगडीवरून चिडवत नाहीत, दोन्ही हातांनी देतात. मला त्याचा सगळ्यात जास्त राग येतो. हिशेब खात्यातले कारकून नवं पेन आणलं की माझ्या हाताला लावून नेतात. तावडे रोज मशीनवर एक फूल ठेवतात, मी ते रोज उचलून खिडकीत ठेवतो. फेकत मात्र नाही. ज्या भोंदूगिरीविरुद्ध मी गठ्ठेच्या गठ्ठे वाटले, तिच्याच जिवावर आज माझ्या घरची चूल पेटते. मोर्चात मी अजूनही जातो, पण घोषणा देताना मूठ वर गेली की ते बोट दिसतं आणि आवाज अर्ध्यात बसतो.

खंडेनवमी पुन्हा जवळ आली आहे. परवाच जोगळेकर म्हणाले, "कांबळे, ताट तुमच्याच हातात हं. आता तो मान तुमचा." मी "हो" म्हणालो नाही. "नाही"ही म्हणालो नाही. म्हणून हे लिहिलं. ते हा अंक घेतात, त्यांच्या टेबलावर असतो. साहेब, तुम्ही वाचत असाल तर, मी पूजा करणार नाही. मशीन पुसून देईन, तेल घालीन, तुम्ही कराल तेव्हा बाजूला उभा राहीन. मला कामावरून काढायचं असेल तर बोटाच्या वेगावरून काढा, ते योग्य होईल. तुमचा हेतू चांगला होता हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणूनच जीभ उचलली नाही.

आणि बाकी वाचकांना एकच विनंती. तुमच्या कचेरीत, खात्यात, छापखान्यात यंदा पूजेचं ताट एखाद्या नव्या माणसाच्या हातात द्यायचं ठरलं असेल, तर द्यायच्या आधी त्याला बाजूला घ्या. साहेब नसताना, चार माणसं नसताना विचारा, "तुला चालेल का?" आणि तो "मला जमायचं नाही" असं म्हणाला, तर ताट परत घेऊन जा.