अंगणातून न उडणारं विमान

लालासाहेब माझा चुलत भाऊ. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला, कराडच्या खाली कृष्णाकाठी मळ्यात घर बांधलं आणि हौसेने चहूबाजूंनी ऊस लावला. मग अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू शाबूत राहिली. डाव्या हाताची बोटं कशीबशी हलतात. एकदा एकटाच चाकाची खुर्ची रेटत पाटापर्यंत गेला आणि चिखलात उलटला. तेव्हापासून मुलाचा, जयराजचा, हुकूम आहे: आबांची खुर्ची अंगणाबाहेर जायची नाही.

जयराज वाईट नाही, घाबरट आहे. पण घाबरट माणसाच्या हातात किल्ली दिली की तो तुरुंगाधिकाऱ्यापेक्षा कडक होतो.

ऊस वाढला की त्या अंगणातून रस्तासुद्धा दिसत नाही. विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं वर चौकोनी आभाळ तेवढं उरतं. त्याच आभाळाखालून लालासाहेबाने मला साताऱ्याला फोन केला. "आक्का, रिमोटवर उडतंय ते ग्लायडर घ्यायचंय. मोटरवालं. तू जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलंस, तूच निवड."

मी गेले. जयराज मोबाईलवर चित्र काढून तयारच होता. टोकदार लढाऊ विमान. "आबा फौजी हायत, आत्या. हेच शोभतंय."

"तुझ्या बापाला लढाई करायची नाही," मी म्हटलं. "हे इतकं जोरात जातं, की शिकाऊ माणसाला कळायच्या आत मातीत."

"मग ड्रोन घिऊ. जाग्यावर तरंगतंय. आबा हितंच अंगणात बसून उडवतील."

"ड्रोन नको," लालासाहेब ताडकन म्हणाला.

"का वो?"

"नको म्हंजे नको."

जयराज वैतागून उसाच्या पाण्याची मोटर सुरू करायला गेला. लालासाहेबाने आवाज खाली आणला. "आक्का, ड्रोन अंगणातनं उडतंय. ग्लायडरला माळ लागतो का न्हाई?"

"लागतो. चांगला उघडा."

"मग मला माळावर न्यावंच लागंल."

मी चहाचा कप खाली ठेवला. याला विमान नको होतं. बाहेर पडायला कारण हवं होतं.

मग मी निवडीला भिडले. फोमचं, आपटलं तरी चिकटवता येणारं. पंख अंगाच्या वर बसवलेले, म्हणजे कललं तरी आपोआप सावरतं. पंखा मागच्या बाजूला, म्हणजे नाक आपटलं तरी पाती शाबूत. आणि वळवणं, चढवणं, उतरवणं सगळं रिमोटच्या उजव्या दांडीवर. डावी दांडी फक्त मोटरची. एकदा सरकवली की तिथेच राहते. लालासाहेबाच्या एका हाताला एवढंच झेपणार होतं.

"एकदा नेतो," जयराज म्हणाला. "पडलं तर विषय बंद. पुना नाव काढायचं न्हाई."

विमान घरी आल्यावर एका सकाळी गाडीतून आम्ही चौघं माळावर गेलो. लालासाहेबाची बायको विजयमाला ताटात हळदी-कुंकू घेऊन आली होती. तिने विमानाला कुंकू लावलं, नारळ फोडला. मी वारा कुठून येतोय ते बघून आले, विमान त्याच्या पोटाखालून धरलं, लालासाहेबाने मांडीवरच्या रिमोटवरून मोटर लावली आणि मी ते वाऱ्यात फेकलं.

ते सरळ नाकावर गेलं. धप्प.

"झालं?" जयराज खुर्चीच्या मागे येऊन उभा राहिला. "चला आबा."

लालासाहेबाने मोटर बंद केली. त्याची मान खाली गेली होती.

मी तरातरा जाऊन विमान उचललं. नाकाखाली लिंबू-मिरच्या! चांगलं लठ्ठ लिंबू, मी वारा बघायला गेले तेवढ्यात काळ्या दोऱ्याने आवळून बांधलेलं.

"विजयमाला!"

"आवं वन्सं, नव्या गाडीला बांधत्यातच की!"

"ट्रकला बांध! याचा तोल चिमटीएवढ्या वजनानं बिघडतो!"

"नजर लागली असती मग?"

"हितं नजर लावायला हाय कोण? घारी?" लालासाहेब म्हणाला. "ते लिंबू माझ्या खुर्चीला बांध. आन् आक्का, फेक परत."

"एकदाच म्हणलो हुतो," जयराज म्हणाला.

"लिंबू पडलं ते. विमान आजून उडायचंय."

मी दोरा तोडला, लालासाहेबाने मोटर लावली. जयराज काही म्हणायच्या आत मी विमान फेकलं. डगमगलं, सावरलं, चढलं. लालासाहेबाने डाव्या बोटांनी मोटरची दांडी खाली ओढली. आवाज थांबला आणि विमान नुसतं तरंगत राहिलं, अंगणातल्या त्या चौकोनापेक्षा कितीतरी मोठ्या आभाळात.

"उतरवा आता, आबा."

"न्हाई उतरत."

"आवं, मला कामं हायत."

"वर हाय तवर कोण नेतंय मला घरला!"

जयराज थोडा वेळ ताटकळला, मग दगडावर बसला. विमान खाली यायला लागलं की लालासाहेब मोटर लावून पुन्हा वर काढी. शेवटी बॅटरी संपली आणि ते लांब गवतात टेकलं. जयराज धावत जाऊन घेऊन आला. उलटसुलट करून पाहिलं. कुठे मोडलं नव्हतं.

"उद्या मी कारखान्यावर हाय," तो म्हणाला.

"मग परवा."

जयराज पंखाला चिकटलेलं गवत काढत राहिला. "तोंडात मिठाची गुळणी धरलीस का रे?" मी विचारलं.

"परवा," तो म्हणाला.

परतताना विमान लालासाहेबाच्या मांडीवर होतं, एक पंख खिडकीबाहेर. मळ्याच्या वाटेला लागल्यावर दोन्हीकडून ऊस अंगावर आला. पाती पंखाला घासायला लागली.

"आत घ्या, आबा, मोडंल," जयराज म्हणाला.

लालासाहेबाने पंख आत घेतला नाही. जयराजनेच गाडी हळू केली.