सहक्षेपणाची पंगत

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात तेव्हा दोन रेडिओ होते. खरं म्हणजे दोन भोंगे, दोन बॅटऱ्या आणि दोन माणसं. पण लोक रेडिओच म्हणायचे. बैलबाजाराकडचा लिंबावर टांगलेला भोंगा जळबाचा, कापडाच्या ओळीतला अमृतरावांचा. अमृतराव सातवी पास. त्यांचं बोलणं इस्त्री करून यायचं: "ग्राहक बंधू-भगिनींनो, आपल्या सेवेत सादर आहे..." एवढं होईस्तोवर ग्राहक भगिनी पुढच्या दुकानात लुगडं उलगडून बसलेली असायची. जळबा आधी घसा साफ करायचा, तोही भोंग्यातूनच, आणि मग, "हाजरीन, ध्यान देऊन ऐका. सेनगावच्या कोंडीबाची गाय हितं लिंबाखाली येऊन उभी हाय. शिंग मोडकं, नजर तिरकी. ती मालकाची वाट पाहून राहिली, मालक चहा पिऊन राहिला." कोंडीबा कप टाकून धावत यायचा.

हे 'हाजरीन', म्हणजे उर्दूतलं 'उपस्थितहो', जळबानं औरंगाबादेहून आणलं होतं. निजामाच्या काळात तिथं दक्कन रेडिओचं लहानसं केंद्र होतं आणि विशीतला जळबा तिथं चपराशी होता. निवेदकाला पाणी द्यायचं आणि दाराआडून त्याचा खर्जातला आवाज चोरायचा, ही त्याची दुहेरी नोकरी. पुढं निजामाचं राज्य गेलं, दक्कन रेडिओ आकाशवाणीत गेला. पाटी बदलली, भाषा बदलली. जळबाला वाटलं, केंद्र देशाचं झालं म्हणजे आपणही देशाचे झालो. काही वर्षांत ते केंद्रच बंद पडलं. साहेब लोक दुसऱ्या शहरांत गेले, आणि जळबा पत्र्याची पेटी घेऊन गावी आला.

म्हणून चौऱ्याहत्तर साली सरपंच किसनरावांनी नवी टूम काढली तेव्हा गाव खूश झालं, एक जळबा सोडून. टूम अशी, की दोन्ही भोंगे एकत्र करून ग्रामपंचायतीवर बसवायचे, त्यांना पंचायतीचा रेडिओ जोडायचा, दिल्लीच्या मराठी बातम्या साऱ्या बाजाराला ऐकवायच्या, आणि नाव ठेवायचं 'राष्ट्रीय ध्वनी, जवळा बाजार'. भोंगे एका जागी, म्हणजे बोलणाराही एकच. बोलण्याचं काम अमृतरावांकडं गेलं. जळबाला सरपंचांनी बॅटरीजवळ बसवलं. आपण आता दिल्लीशी जोडलो, तेव्हा भाषा शुद्ध पाहिजे, असं ते म्हणाले. महिनाभर पाहू, मग बॅटरीला तरी माणूस लागतो का ते ठरवू, असंही म्हणाले.

घरी जळबा बायकोला म्हणाला, "रुख्मिणे, पाटी बदलली की मानूस जातो. म्या पाह्यलंय."

"आजून पाटी रंगवायची हाय," रुख्मिणीबाई म्हणाली. "तुमी आतापासून काहून रडून राहिले?"

पहिल्याच बाजारी अमृतरावांनी कागद वाचला. "सर्व ग्रामस्थांस कळविण्यात येते की, पुढील बाजारच्या दिवशी दुपारी दीड वाजता पंचायतीसमोर दिल्लीच्या बातम्यांचे सहक्षेपण होईल. तरी सर्वांनी सहकुटुंब उपस्थित राहावे." वारं उलटं होतं, बैलांच्या घुंगरमाळा वाजत होत्या. बैलबाजारापर्यंत पोचलं ते एवढंच: दुपारी, पंचायतीसमोर, सह-काहीतरी, सहकुटुंब. जळबाचे ओठ हलले. एवढा मोठा शब्द टाकला की लगेच त्याची बारीक फोड करावी लागते, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याचं तोंड आता कामावर नव्हतं.

पुढच्या बाजारी एक वाजल्यापासूनच गर्दी लोटली. सरपंच हरखले. मग त्यांना ताटल्या दिसल्या. दोनच वर्षांमागं, दुष्काळात, याच भोंग्यांवरून पुकारलं की सरकारकडून खायला सुकडी मिळायची; लोकांनी सह-काहीतरीचं सहभोजन करून टाकलं होतं. तांड्यावरचा पेमा दोन गाड्या भरून माणसं घेऊन आला होता. पंचफुलाबाईनं तर पातेलं आणलं होतं, घरी राहिलेल्यांसाठी. पंगत धरून मंडळी बसली.

दीड वाजता दिल्लीची बाई बोलू लागली. मधाच्या बोटासारखा आवाज, शब्दाशब्दाला मोजून श्वास. पंगतीनं अदबीनं सगळं ऐकून घेतलं. बातम्या संपल्यावर पेमा म्हणाला, "झाल्या बातम्या. आता वाढा."

अमृतराव भोंग्यात शिरले. "ग्रामस्थहो, आपला गैरसमज झालेला आहे. सहक्षेपण म्हणजे एका केंद्रावरील ध्वनी अन्य केंद्रावरून..." कुणीतरी ताटलीवर पेला आपटला. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनीच. सरपंचांची टोपी भिजली. त्यांनी बॅटरीजवळ पाहिलं आणि हळूच म्हणाले, "जळबा, बोल बाबा कायतरी."

जळबानं घसा साफ केला. निम्म्या ताटल्या तिथंच थांबल्या.

"हाजरीन, ध्यान देऊन ऐका. जेवन न्हाई. सरपंच जेवन घालतेत, हे तुमाला पटलंच कसं?" पंगतीत हसू पसरलं. "सहक्षेपण म्हंजे असं. पेमानं तांड्यावरून हाळी दिली, मधल्या वावरातल्या गड्यानं ती बराबर तशीच पुढं फेकली. दिल्लीची बाई दिल्लीत बोलली, आपल्या भोंग्यानं ती हाळी हितं फेकली. यात वाढायला काही न्हाई, ऐकायला हाय."

"मंग हे आधी सांगायचं," पेमा म्हणाला. "आमी भाकरी बांधून आनल्या असत्या. बरं, ती बाई म्हनली काय, ते तरी सांग."

जळबानं सांगितलं. आधी बाईच्या आवाजात, मान तिरपी करून, 'ळ' नाजूक करून, मग आपल्या. उत्तरेतला पूर त्यानं असा सांगितला की पंचफुलाबाईनं पाय वर घेतले. तोवर सरपंचांनी दुकानातून पोतंभर फुटाणे मागवून ताटलीताटलीत मूठमूठ टाकले होते.

संध्याकाळी पंचायत बसली. सरपंच तोंड उघडायच्या आत अमृतरावच बोलले, आणि जन्मात पहिल्यांदा बिनइस्त्रीचं बोलले. "म्या वाचतो, जळबानं फोड करावी. मला एकट्याला तितं उभं करू नका. त्या ताटल्या आजून कानात वाजून राहिल्या." कुणी हरकत घेतली नाही. दिल्लीची बाई, अमृतराव, जळबा, असा क्रम ठरला, आणि पंचायतीच्या वहीत जळबाच्या नावापुढं 'बॅटरी' खोडून 'निवेदक' लिहिलं गेलं. त्यानं तो शब्द दोनदा वाचून घेतला.

रुख्मिणीबाई उंबऱ्यात वाट पाहत होती. "ठेवलं मला," तो म्हणाला, आणि भिंतीला टेकून त्यानं असा लांब श्वास सोडला की आतल्या खोलीतून सुनेनं विचारलं, सायकलची हवा गेली काय.