बिनदुधाचा पाव

माझे वडील, म्हणजे आप्पा, चाळीस वर्षं पाव भाजताहेत, आणि त्यातली निदान पस्तीस वर्षं तरी ते आपलंच खरं करत आलेत. खाली बेकरी, वर आम्ही राहतो. गल्ल्यावर मी बसते. भट्टीतून फिकट पाव निघाला तर आप्पा तो विकायला ठेवत नाहीत, वर घरी पाठवतात. माणूस घरचा असला की त्यानं फिकट खावं, असा त्यांचा हिशोब. मी त्यावरच एवढी वाढले, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.

गेल्या वर्षी माझ्या भावाला मुलगी झाली. आम्ही तिला ठमी म्हणतो. दोन महिन्यांची झाली तशी ती पिऊन झालं की कळवळून रडायची, आणि एक दिवस तिच्या लंगोटात रक्ताचे धागे दिसले. डॉक्टरीणबाईंनी निदान केलं: गाईच्या दुधातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी. ठमी तर फक्त आईच्या अंगावर पीत होती. पण वहिनीनं घेतलेल्या दुधाचा अंश तिच्या दुधातून पोरीच्या पोटात उतरत होता. तेव्हा वहिनीनं दूध, दही, लोणी, चीज आणि ते ज्यात ज्यात घालतात ते सगळं बंद करायचं. मग शेळीचं दूध चालेल का, असं मी शहाणपणानं विचारलं. त्यातलं प्रथिन जवळजवळ तसंच असतं, त्याच्याही वाटेला जाऊ नका, असं उत्तर मिळालं.

वहिनी शाळेत गणित शिकवते. तिनं डोळ्यांत तेल घालून प्रत्येक पुड्यामागची बारीक अक्षरं वाचली आणि आमचं अर्धं फडताळ रिकामं केलं. तेव्हा आप्पांनी जाहीर केलं की सुनेच्या पावाची काळजी कुणी करू नये. त्यांनी नवी परात आणली. तिच्यात रोज वेगळं पीठ भिजायचं: पीठ, पाणी, मीठ, यीस्ट, तेल. विचारणाऱ्याला ते ही यादी ऐकवायचे आणि न विचारणाऱ्यालाही.

तीन आठवडे गेले तरी रक्त थांबेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोमवारी पुन्हा बघू. तोवर फरक नसेल तर अंगावरचं पाजणं तूर्त थांबवायचं आणि ज्यातलं प्रथिन आधीच फोडलेलं असतं ते डब्यातलं खास दूध द्यायचं. बरं असतं ते, कितीतरी बाळं त्यावर छान वाढतात. पण वहिनीला पोरीला अंगावर पाजायचं होतं. त्यासाठी ती अर्धपोटी राहायला तयार होती आणि राहतही होती.

त्याच आठवड्यात जेवताना आप्पा दादाला म्हणाले, "कुठंतरी चोरून चहा होत असेल. जिभेची सवय अशी सुटते होय?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. वहिनी पलीकडच्याच खोलीत ठमीला घेऊन बसली होती. तिनं ऐकलं, आणि ऐकलं हे मला दिसलं. मी आप्पांना तिथंच सुनावलं, पण ते पाण्याचा पेला संपवून उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून वहिनीनं आणखी दोन पदार्थ सोडले. खात्रीचा म्हणून पाव तेवढा दोन तुकडे जास्त खायला लागली.

शनिवारी दुपारी आप्पांचा उजवा पंजा तापल्या ट्रेवर भाजला. हाताला पट्टी, आणि वहिनीचा पाव व्हायचा होता. मग मी परातीशी उभी राहिले आणि आप्पा स्टुलावर बसून हुकूम सोडू लागले. मळ. अजून मळ. तुझी आई बरी मळायची. पीठ फुगलं, मी त्याला आकार दिला, ट्रे उचलला.

"थांब. आधी वरून ब्रश मार," आप्पा म्हणाले.

"कशाचा?"

"दुधाचा, आणि कशा..."

त्यांनी मान वळवली. भट्टीशेजारच्या फळीवर दुधाची वाटी होती, तिच्यात ब्रश. पावाला चकाकी यावी म्हणून चाळीस वर्षं भट्टीत जाणाऱ्या प्रत्येक पावावरून तो फिरत आला होता. आप्पांची यादी खोटी नव्हती. पावाच्या आत जे जातं ते त्यांनी सांगितलं होतं, आणि वरून हात काय करतो याकडे त्यांचं स्वतःचंच लक्ष नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

खरं सांगते, माझ्या मनात आलं की वाटी गुपचूप उचलावी आणि विषय मिटवावा. कुणाला कळलं असतं? आप्पा स्टुलावरून उठले. मग एका हातानं एप्रन सोडला आणि जिना चढले. मी मागोमाग.

वहिनी ठमीला थोपटत होती. आप्पा दारातच उभे राहिले.

"तू काही चोरून खाल्लं नाहीस, पोरी. रोज माझ्याच हातानं तुझ्या पावाला दूध लागत होतं. आणि नाव मी तुझं घेतलं."

वहिनीचा हात थांबला. ती म्हणाली, "मला वाटायचं, माझंच दूध तिला बाधतंय. पाजताना रोज वाटायचं." मग ती रडली. महिन्याभरात मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. आप्पा तिथंच उभे राहिले. मला त्या दोघांचंही फार वाईट वाटलं, पण वहिनीचं जास्त.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि आणखी तीन आठवडे दिले. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. वहिनीनं पाव सोडला आणि स्वतः उकडलेल्या बटाट्यांवर आली. आप्पा रोज पाव भाजायचे, ब्रश न लावता, अगदी फिकट. मी ताटलीतून वर न्यायची आणि तसाच खाली आणायची.

तिसऱ्या आठवड्यात लंगोट स्वच्छ निघू लागले. ठमीचं वजन वाढलं, रडं थांबलं. पाजणं चालू ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, त्या दिवशी दादानं मला दोनदा तीच बातमी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी ठमीला खांद्यावर घेऊन बेकरीत उतरली आणि परातीसमोर उभी राहिली. आप्पांना कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनी तिच्या देखत हात धुतले आणि एकेक जिन्नस घालताना मोठ्यानं म्हणू लागले: पीठ, पाणी, मीठ. पाव भट्टीत जाऊन बाहेर येईपर्यंत ती हलली नाही. मग तिनं गरम पावाचा तुकडा तोडला आणि उभ्यानंच खाल्ला.

"तुम्ही मला चोर म्हणालात, आप्पा, ते मी विसरणार नाही," ती म्हणाली.

"नको विसरूस," आप्पा म्हणाले.

तिनं दुसरा तुकडा तोडला.