आधी पास्कल, मग सी

पलासियातल्या आमच्या कोचिंग क्लासात दोन खोल्या, चार कंप्युटर आणि शिकवणारे आम्ही दोघं. मी सव्वीस वर्षांची, आणि दुसरे सर माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठे. देशाचा बाजार नुकता खुला झाला होता, पेपरात कंप्युटरच्या नोकऱ्या झळकायच्या, आणि नवा विद्यार्थी दारातूनच विचारायचा, "मॅडम, सी सिखाओगे ना?"

सरांचं म्हणणं, पहिल्या दिवसापासून सीच शिकवायची. माझा हट्ट, आधी पास्कल. ती शिकवण्यासाठीच बनवलेली कंप्युटरची भाषा, वाचायला सरळ. सी आखडलेली, निम्मा कारभार चिन्हांचा.

"पण नोकरी सीवर मिळते," सर म्हणायचे. ते खरंच होतं.

महिनाभर भांडल्यावर सरांनीच तोड काढली. "ज्याला काहीच येत नाही अशा एकाला दोन्ही शिकवून पाहू. आहे कुणी?"

माझे बाबा होते. मिलच्या टाइम ऑफिसात त्यांनी तीस वर्षं कामगारांची हजेरी घेतली, आणि मिल बंद झाल्यापासून छत्रीबागेतल्या घरी तोच पेपर तीनदा वाचत होते. विचारलं तर म्हणाले, "अगं, या वयात?" दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी दारात उभे!

एक आठवडा सी झाली, एक आठवडा पास्कल. क्लासात ते मलाही "मॅडम" म्हणायचे. मग आम्ही परीक्षा ठेवली: हवी ती भाषा घ्या आणि मनाने एक प्रोग्राम लिहा. बाबांनी पास्कल घेतली. सरांचा चेहरा पडला.

गल्लीच्या गणपतीत रविवारी दुपारी तंबोला असायचा. त्याची तिकिटं, दर तिकिटावर वेगळे आकडे असलेली, कंप्युटरवर काढायची असं बाबांनी ठरवलं. दर तिकिटाला प्रोग्राम नव्याने सुरू करत त्यांनी साठ तिकिटं काढली. प्रिंटर करकरत होता आणि बाबा कागद फाडून घड्या घालण्यात दंग. तिकिटं तपासून पाहायचं मलाही सुचलं नाही.

रविवारी बाबाच आकडे पुकारायला बसले. ज्याचे पाच आकडे आधी कटतील त्याला पेढ्यांनी भरलेला स्टीलचा डबा. बाबांनी "चौदा!" म्हटलं आणि सगळा मांडव उभा राहिला.

"माझं झालं!"

"अरे भिया, मेरा हुआ!"

साठच्या साठ तिकिटांवर तेच आकडे होते. बाबांनी दोघांची तिकिटं शेजारी धरून पाहिली. मग आई हसायला लागली आणि तिच्यामागून सगळी गल्ली. गर्दीत आलेले सर तर डोळे पुसत होते. पेढे सगळ्यांना वाटले, डबा मंडळाला दिला.

सोमवारी आम्ही क्लासात पोचलो तेव्हा बाबा लाल पेन्सिल घेऊन छापलेला प्रोग्राम ओळीओळीने वाचत बसले होते.

"मॅडम, मशीन दर वेळी पहिल्यापासून तेच आकडे काढून राहिलंय. नव्याने पत्ते पिस, असं त्याला सांगायचा काही हुकूम आहे का?"

होता. एका शब्दाचा. तो शिकवायचा मीच विसरले होते.

"काका, ही चूक सीमध्येही झाली असती," सर म्हणाले.

"झालीच असती, सरजी. पण तिथे ती मला सापडली नसती. सीमध्ये कालचं माझंच लिहिलेलं मला आज वाचता येत नव्हतं."

सरांनी तो कागद घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. "ठीक है," ते म्हणाले. "आधी पास्कल. पण बाहेरच्या बोर्डावर सी मोठ्या अक्षरात लिहायचं."

नव्या बॅचला सहा आठवडे पास्कल शिकवली, मग सी. "सी कब?" म्हणून कुरकुरणाऱ्यांना सर स्वतः समजावत. सरावाच्या तासाला बाबा मशीनपाशी बसायला लागले. कुणी अडला की ते म्हणत, "आधी मोठ्याने वाचून दाखव." निम्म्यांना वाचतावाचताच आपली चूक कळायची.

सकाळी त्यांची लगबग बघून आई म्हणायची, "मिलच्या वेळीसुद्धा एवढी घाई नसायची हो तुम्हाला!"