वीतभर लोंबणारी वायर

आमच्या गेटच्या रिसीव्हरची वायर मी कापली. कापून दोन पावलं मागं सरकले आणि पाहिलंही, की आता कसं नीट दिसतं.

आयुष्यभर ब्लाउज शिवले. लोंबता धागा दिसला की हात कात्रीकडे जातो. तेव्हा मी साठीची, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. सावंगीच्या दवाखान्यात आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. गाडी चालवणं जमे, पण उतरून लोखंडी गेट ढकलणं जमेना, म्हणून रिमोटचं गेट केलं. बसवणाऱ्या मेकॅनिकनं देवळीला नुकतंच दुकान टाकलं होतं. आमचं गेट त्याचं पहिलंच. रिमोटचा इशारा पकडणारी डबी त्यानं खांबावर लावली. डबीतून वीतभर वायर खाली लोंबत होती, कशालाच न जोडलेली. मला वाटलं, घाईत कापायची राहिली.

दुसऱ्या दिवसापासून रिमोट गाडीतून चालेना. गेटला नाक लावून दाबलं तरच उघडे. हे काठी टेकत उतरत आणि लगेच मेकॅनिकला फोन लावत. "काम येत नाई तर दुकान काऊन टाकलं बे? कॉलनीत कोणालेच तुझं नाव सांगत नाई मी!"

तो बिचारा दोनदा आला. एकदा सेल बदलला, एकदा अख्खा रिमोट. मी दोन्ही वेळा चहा दिला आणि वर धीरही दिला, शिकशील हळूहळू म्हणून!

तिसऱ्यांदा तो डबीखाली बोट फिरवत थांबला. "काका, अँटेनाची वायर होती इथं. तिच्याबिगर दुरून पकडत नाई."

"तूच लावली नसन."

"लावली होती... लावली होती ना मी?" हे त्यानं स्वतःलाच विचारलं. तो चेहरा मला बघवेना.

"मी कापली," म्हटलं. "शिलाईच्या कात्रीनं."

मेकॅनिकनं नवी वायर जोडली. ह्यांनी रस्त्यावरूनच रिमोट दाबला, गेट सरकलं. मग पिशवी आवरून त्यानं फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"काकू, मले काम येत नाई, दुकान बंद करतो, असं तीन दिवसापासून बायकोले सांगून राह्यलो मी. आता तुमीच सांगा तिले, गलती कोणाची होती."